वाळेल तेच आपलं

आमची लेक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जन्मली आणि तिच्या मागोमाग पाऊस आला. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांचं घर, इवलीशी गॅलरी, ग्रिलला चार दोऱ्या. कापडी डायपर वापरायचे हे ठरलंच होतं. कोणते, हे मात्र वापरता वापरता कळत गेलं.

१. आधी दोरी बघा, मग डायपर. मी बाळंतपणाआधीच जाड शिवलेल्या पॅडचे बारा डायपर घेऊन ठेवले होते. जुलैत ते पॅड दोन-दोन दिवस वाळेनात, कुबट वास यायला लागला. सासूबाईंनी जुनी मऊ सुती साडी काढली, तिचे मोठे चौकोन फाडले आणि घडी घालून डायपरच्या कव्हरमध्ये बसवले. धुताना घडी उलगडायची, की कापड एकपदरी. रात्री पंख्याखाली टाकलं की सकाळी कोरडं. आमचा पावसाळा त्या चौकोनांवर निघाला.

२. कापड ओळखून घ्या. मायक्रोफायबर पटकन शोषतं, पटकन वाळतं. पण दाब पडला की ओल सोडतं आणि थेट कातडीला लागलं तर ती कोरडी पाडतं. ते कायम आतल्या कप्प्यातच हवं. सुती आणि बांबूचं कापड सावकाश शोषतं, पण धरून ठेवतं. आम्ही दिवसा सुती वापरलं, रात्री त्याखाली बांबूचा एक पदर वाढवला.

३. नवा डायपर गळला म्हणून टाकून देऊ नका. कोरं कापड चार-पाच धुण्यांनंतर नीट शोषू लागतं. कपडे मऊ करणारं लिक्विड मात्र वापरू नका. त्याचा थर बसतो आणि पाणी आत शिरत नाही.

४. एकदम डझनभर घेऊ नका. आधी दोनच घ्या. इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलं पाहिजे. मांडीशी फट राहिली तर गळणारच, आणि काढल्यावर लाल वळ बराच वेळ राहिले तर डायपर घट्ट आहे.

५. बादलीत भिजत ठेवू नका. शी संडासात टाकून, डायपर गार पाण्यात खळबळून जाळीच्या टोपलीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी धुवायचा. साचलेल्या पाण्यात वासही वाढतो आणि इलॅस्टिकही सैल पडतं.

६. लांबच्या प्रवासात आम्ही वापरून फेकायचे डायपरही घेतले. ते कागदात गुंडाळून, ओल्या कचऱ्यापासून वेगळे द्यायचे. २०१६ च्या घनकचरा नियमांतही तेच सांगितलं होतं. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड १९६७ पासून २०१८ पर्यंत भरत राहिलं, त्याचा वास आम्ही घरात बसून घेतला आहे. आपला कचरा कुणाच्या तरी खिडकीखाली जातो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

७. कापड गालाला लावून बघा. ही सासूबाईंची सवय. हाताला कोरडं लागलेलं कापड गालाला गार लागलं, तर त्यात ओल उरली आहे. पहिल्याच महिन्यात घाईत मी तसाच एक डायपर बांधला आणि लेकीच्या जांघेत पुरळ उठलं. त्यानंतर एकही चौकोन गालाला लावल्याशिवाय बाळाला बांधला नाही.