गावातील औषधाचे दुकान : सुरक्षितता व दर्जा

धान्य हातात घेऊन पारखता येते, कापडाचा पोत बोटांना कळतो. परंतु औषधाची गोळी अस्सल आहे की बनावट, पातळ औषध शुद्ध आहे की दूषित, हे ग्राहकाला नजरेने ओळखता येत नाही. पुष्कळदा विक्रेत्यालाही ते कळत नाही. म्हणूनच औषधांच्या व्यवहारात कायदा, नोंदी आणि प्रशिक्षित माणूस या तीन गोष्टींना अनन्यसाधारण महत्त्व आहे.

कायद्याची चौकट

निकृष्ट व भेसळयुक्त औषधांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९३० मध्ये कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. पुढे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा अस्तित्वात आला. महाराष्ट्रात औषध दुकानांना परवाने देणे, तपासणी करणे व नमुने घेणे ही कामे अन्न व औषध प्रशासन करते.

दोन दुर्घटनांचा धडा

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य होते. न्या. लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी करून खरेदीपासून देखरेखीपर्यंतच्या ढिलाईवर बोट ठेवले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच विषाने अनेक बालकांचा बळी घेतला. त्यांपैकी कित्येकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते.

हे द्रव्य रंगहीन, दाट व चवीला गोड असते. त्यामुळे दुकानात ते ओळखता येणे शक्य नाही. तेथे दोनच गोष्टी शक्य असतात : परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच बिलासह माल घेणे आणि एखाद्या बॅचविरुद्ध सूचना येताच तिची विक्री त्याच क्षणी थांबवून विकलेला माल परत मिळविणे. यांतील दुसरी गोष्ट नोंदी चोख असतील तरच साधते.

चांगल्या दुकानाची लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे नोंदणीकृत फार्मासिस्टची प्रत्यक्ष हजेरी. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले आणि गल्ल्यावर अप्रशिक्षित नोकर, ही स्थिती धोक्याची होय. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. चिठ्ठीवरील औषध नसल्यास डॉक्टरांना न विचारता परस्पर दुसरे देणे नियमाला धरून नाही.

दुसरे लक्षण साठवणुकीचे. इन्शुलिन व बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्या गोठल्या तरी निकामी होतात. म्हणून बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नयेत. वीज वारंवार जाणाऱ्या गावात फ्रिजमध्ये तापमापक ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करणे अगत्याचे आहे. इतर औषधेही ऊन, ओल व धूळ यांपासून दूर हवीत. मुदत संपलेला माल वेगळा बांधून त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिलेले असावे. वेष्टनावर केवळ महिना व वर्ष दिलेले असल्यास त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत मुदत समजावी.

तिसरे लक्षण चिठ्ठीविषयीच्या शिस्तीचे. अनुसूची ‘एच’मधील औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. २०१४ पासून ‘एच-१’ ही अधिक कडक अनुसूची अमलात आहे. तीत क्षयरोगावरील व काही प्रभावी प्रतिजैविक औषधे येतात. वेष्टनावरील तांबड्या चौकटीतील इशाऱ्यावरून ती ओळखता येतात. अशा विक्रीत डॉक्टर, रुग्ण, औषध व मात्रा यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविके अर्धवट किंवा अनावश्यक घेतल्याने रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात व त्याचे परिणाम साऱ्या गावाला भोगावे लागतात.

चौथे लक्षण बिलाचे. बिलावर औषधाचे नाव, उत्पादक व बॅच क्रमांक हवा. सदोष औषध कोणाच्या घरात गेले, याचा माग त्या क्रमांकावरूनच लागतो. गोळ्यांची पट्टी कापून देताना बॅच व मुदत छापलेला भाग दुकानातच राहिला, तर ग्राहकाकडे ओळखीची कोणतीच खूण उरत नाही. अशा वेळी बिल हाच एकमेव आधार होय.

ग्रामस्थांचे कर्तव्य व अधिकार

खरेदीदारास विकत घेतलेले औषध विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार १९४० च्या कायद्यातील कलम २६ ने दिला आहे. ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नाही. औषधाचा रंग पालटला, गोळ्या भुगा झाल्या किंवा घेतल्यावर विपरीत परिणाम दिसला, तर उरलेले औषध फेकू नये. ते वेष्टन व बिलासह जपून ठेवावे, डॉक्टरांना दाखवावे आणि जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी.

पंचायत सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत सांगावी व एखाद्या बॅचविरुद्ध शासनाची सूचना निघाल्यास ती दवंडीने किंवा फलकावर तत्काळ जाहीर करावी. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना वेष्टन वाचावयास शिकवावे. ज्या घरात वडील माणसांना अक्षरओळख नाही, तेथे मुदतीची तारीख वाचणारे मूलच त्या घराचे रक्षण करील. दुकानदारानेही बिल मागणाऱ्या ग्राहकाला कटकट्या समजू नये. त्याच्या प्रामाणिक व्यवसायाचा तोच साक्षीदार आहे.