पॉडकास्ट ठेवायचा कुठे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलांसाठी गोष्टींचा पॉडकास्ट सुरू करायचा आहे. स्पॉटिफाय, ॲपल, यूट्यूब अशा प्रत्येक ठिकाणी भाग वेगवेगळा चढवावा लागतो का? भाचा म्हणतो, महिन्याला पैसे भरल्याशिवाय काही होत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दोन्ही धास्ती सोडा. भाग एकाच ठिकाणी चढवायचा, त्याला होस्ट म्हणतात. तो तुमच्या कार्यक्रमाची एक आरएसएस फीड तयार करतो. तिचा पत्ता ॲपलला आणि इतरांना एकदा कळवला की नवे भाग तिथे आपोआप दिसतात. ॲपल तर नेहमीच्या पॉडकास्टचा ऑडिओ स्वतःकडे साठवतही नाही.

सुरुवातीला ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’ (पूर्वीचे ‘अँकर’) पुरे. ते मोफत आहे. बझस्प्राउटसारख्या सेवांना पैसे पडतात, पण मदत चांगली मिळते. माझे मत विचाराल तर पहिले दहा भाग होईपर्यंत खिशात हात घालू नका. निव्वळ बोलण्याला ६४ केबीपीएस मोनो एमपी३ चालते. अर्ध्या तासाची फाइल जेमतेम १४ एमबी होते.

खाते उघडण्याआधी एवढे मात्र बघाच : उद्या होस्ट बदलला तर जुनी फीड नव्या पत्त्याकडे वळवून मिळेल ना? नाहीतर जमलेले श्रोते मागेच राहतात. मूळ रेकॉर्डिंग स्वतःकडे जपा. फीडमधला ईमेल कुणालाही दिसू शकतो, म्हणून त्यासाठी वेगळा ईमेल काढा. गोष्टीमागे सिनेमाचे गाणे लावू नका. आणि गोष्ट दुसऱ्या लेखकाची असेल, तर आधी परवानगी घ्या.