मुलगी हॉकी खेळते आहे, दहावी जवळ येते आहे

मुलीने पाचवी-सहावीत स्टिक हातात घेतली की घरात कौतुक होते. सातवीत ती शाळेच्या संघात आली की नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो फिरतात. आठवी सरत आली की मात्र आईवडिलांचा सूर बदलतो. उन्हाळी शिबिराचे पैसे भरायचे का? जिल्ह्याची निवड चाचणी नेमकी क्लासच्या परीक्षेच्या दिवशी आली आहे, कुठे पाठवायचे? मागच्या वर्षी यादीत नाव आले नाही, म्हणजे तिच्यात तेवढा दम नाही असे समजायचे का? आणि सगळ्यात शेवटी, थोडा आवाज उतरवून विचारला जाणारा प्रश्न: यातून पुढे काही होते का?

या प्रश्नांमागची काळजी खरी आहे. पण बहुतेक पालक चुकीच्या वयात चुकीचे माप लावतात, हे मला स्पष्ट सांगायचे आहे. सोळा वर्षांची होईपर्यंत तुमच्या मुलीने खेळात टिकून राहणे हे सर्वांत महत्त्वाचे. शिबिर असो, लीग असो की चाचणी, तिथे ती प्रत्यक्ष किती वेळ खेळली, काय नवे शिकली आणि घरी आल्यावर तिला पुन्हा मैदानावर जावेसे वाटले का, एवढे पाहा.

निवड यादीचे दुःख आधी घेऊ, कारण सर्वांत जास्त मुली तिथेच खेळ सोडतात. हॉकी इंडियाच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये सब-ज्युनिअर गट सोळा वर्षांखालचा आणि ज्युनिअर गट एकोणीस वर्षांखालचा असतो. शालेय पातळीवर नेहरू चषकात मुलींसाठी सतरा वर्षांखालचा गट आहे. राज्याच्या संघात अठराएक जागा असतात आणि चाचणीला येणाऱ्या मुली त्याच्या कितीतरी पट. एखादी मुलगी निवडकर्त्यांसमोर मोजकी मिनिटे खेळते. त्या मिनिटांत तिच्याकडे चेंडू किती वेळा आला, हेही तिच्या हातात नसते.

त्यात वयाचा एक भाग आहे. जानेवारीत जन्मलेली आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेली मुलगी एकाच गटात खेळतात. चौदाव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक उंचीत, ताकदीत, धावेत स्पष्ट दिसतो. लवकर वयात आलेली मुलगी त्या वर्षी उठून दिसते. उशिरा वाढणारी मुलगी तितकीच चांगली असूनही मागे पडते आणि दोन वर्षांनी तिच्या बरोबरीने, कधी तिच्या पुढेही, जाते. म्हणून चौदाव्या वर्षी नाव न येणे हा त्या दिवसापुरता निकाल आहे. चाचणीनंतर प्रशिक्षकांना एकच गोष्ट विचारा: पुढच्या सहा महिन्यांत हिने कोणत्या दोन गोष्टींवर काम करावे? चांगले प्रशिक्षक याचे नेमके उत्तर देतात. डाव्या बाजूने चेंडू थांबवताना शरीर उंच राहते, पास दिल्यानंतर ती उभी राहते, अशा शब्दांत. ‘मेहनत करा’ एवढेच उत्तर मिळाले, तर तिथे तुमच्या मुलीकडे कोणी नीट पाहिलेले नाही.

शिबिरांबद्दल पालकांचे दोन टोकांचे मत असते. काहींना वाटते, नाव मोठे म्हणजे शिबिर मोठे. काहींना वाटते, हा सुटीतला पैसे काढण्याचा उद्योग आहे. दोघांनीही अर्धा तास मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे. मुली रांगेत उभ्या आहेत की खेळत आहेत? एका प्रशिक्षकामागे चाळीस मुली आणि दहा चेंडू असतील, तर तासाभरात प्रत्येकीच्या स्टिकला चेंडू मोजक्या वेळा लागेल. छोट्या मैदानात पाच-पाच जणींचे सामने लावले, तर त्याच तासात ती कितीतरी अधिक वेळा चेंडू घेते, सोडते, निर्णय चुकते आणि सुधारते. हॉकीत हात तयार होतात ते याच संख्येने. गोलकीपर मुलींना कोणी वेगळे शिकवते का, तेही पाहा. बहुतेक शिबिरांत त्यांना गोलपोस्टमध्ये उभे करून बाकीच्यांचे फटके झेलायला लावतात आणि त्यालाच सराव म्हणतात. गोलकीपरचे किट हे हॉकीतले सर्वांत महाग सामान असते. ते विकत घेण्याआधी शिकवणारे कोणी आहे का, याची खात्री करा.

टर्फ हा वेगळा मुद्दा आहे. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली जाते. आपल्याकडे असंख्य शाळांमध्ये मुली मुरमाच्या किंवा गवताच्या मैदानावर शिकतात, आणि चाचणीला टर्फवर उतरल्यावर चेंडू त्यांच्या अंदाजापेक्षा लवकर येतो. मुलगी गोंधळते, आईवडिलांना वाटते ती घाबरली. चेंडूच्या वेगाची सवय नसते, एवढेच कारण. त्यामुळे शिबिराला पैसे घालायचेच असतील, तर ज्या शिबिरात टर्फवर सलग काही दिवस खेळायला मिळते, ते निवडा. पुण्यात बालेवाडीचे संकुल, पिंपरीत नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद मैदान, मुंबईत चर्चगेटजवळचे मैदान अशा मोजक्याच जागा आपल्याकडे आहेत आणि ग्रामीण भागातल्या पालकांना त्या लांब पडतात, हे मान्य आहे. वर्षभर तिकडे राहण्याची गरज नाही. सुटीतले काही दिवस टर्फ आणि वर्षभर गावातल्या मैदानावर रोजचा सराव, हे पुरते.

रोजचा, हा शब्द महत्त्वाचा. हरियाणातल्या शाहाबाद मारकंडा या छोट्या गावात बलदेवसिंग यांच्या हाताखाली मुलींच्या पिढ्या घडल्या. राणी रामपाल तिथलीच. तिचे वडील गाडा ओढून घर चालवायचे. घरातून सुरुवातीला विरोध होता. प्रशिक्षणाला येताना प्रत्येकीने अर्धा लिटर दूध आणायचे असा नियम होता आणि तेवढे परवडत नसल्याने ती त्यात पाणी मिसळायची, हे तिने स्वतः सांगितले आहे. चौदाव्या वर्षी ती भारताच्या वरिष्ठ संघात आली आणि 2021 मध्ये टोकियोत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या. झारखंडमधल्या सिमडेगा आणि खुंटी जिल्ह्यांचीही अशीच गोष्ट आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आली आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होती. सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा पिसाळ 2025 च्या जानेवारीत पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना खेळली, दोन गोल केले आणि तिचा ओडिशा वॉरियर्स संघ जिंकला. या मुली शेतकरी-कष्टकरी घरांतल्या, छोट्या गावांतल्या. त्यांच्यापैकी प्रत्येकीला रोज शिकवणारे कोणीतरी मिळाले, हे लक्षात घ्या. वर्षातून एकदा भरणाऱ्या शिबिराचा झगमगाट त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता सुरक्षिततेबद्दल. मुलीला चार दिवस बाहेरगावी पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो आणि तो यायलाच हवा. ‘सगळ्या जातात, मग हिला काय होणार आहे’ असे कोणी म्हटले तर ऐकू नका. संघाबरोबर महिला प्रशिक्षक किंवा महिला व्यवस्थापक आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मुलींच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असावी, असे भारतीय क्रीडा प्राधिकरणाने 2022 मध्ये राष्ट्रीय संघटनांना सांगितले. शाळेच्या आणि जिल्ह्याच्या संघांनीही ते पाळले पाहिजे. राहण्याची जागा कोणती, खोलीत किती जणी, स्वच्छतागृह जवळ आहे का, रात्री दाराला कडी लागते का, रेल्वेचे आरक्षण पक्के आहे का, हे सगळे निघण्याआधी ठाऊक हवे. मुलीला सांगून ठेवा की कोणत्याही सरांनी किंवा मॅडमनी एकटीला खोलीवर बोलावले तर जायचे नाही आणि घरी फोन करायचा. तिने फोन केला तर तुम्ही आधी तिचे ऐकाल, हेही तिला माहीत असू द्या. असे प्रश्न विचारल्याने तुमची मुलगी संघातून जाईल असे कोणी सुचवले, तर तो संघ तिच्यासाठी नाही. मी हे पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

उन्हाने रंग काळवंडेल, गुडघे फुटतील, पुढे लग्नाला अडचण येईल, हेही मला ऐकायला मिळते. रंगाच्या काळजीला मी उत्तर देत नाही. गुडघ्याच्या काळजीला देते, कारण ती बिनबुडाची नाही. गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटण्याची दुखापत किशोरवयीन मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आढळते. उडी मारून खाली येणे, अचानक वळणे, मांडीमागच्या स्नायूंची ताकद यांचा नियमित सराव केला की ती कमी होते. प्रशिक्षक सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे यासाठी देतात की थेट सामना लावतात, ते पाहा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळात पूर्ण वाहून घेऊ नये, आठवड्यातून किमान एक-दोन दिवस विश्रांती असावी. कबड्डी, खो-खो, धावणे यांनी हॉकी बिघडत नाही. पाय आणि तोल त्याने तयार होतात. मुलीच्या तोंडात माउथगार्ड आणि पायाला शिनगार्ड सरावालाही हवेत, केवळ सामन्याला नाही.

आणि रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या दर शंभर मुलींमागे एकोणसाठ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. मुलगी धापा टाकते, तिसऱ्या-चौथ्या सत्रात पाय ओढते, आणि सगळे तिला आळशी म्हणतात. अनेकदा हिमोग्लोबिन कमी असते. पाळीच्या दिवसांबद्दल प्रशिक्षकांशी मोकळेपणाने बोला. पाळी अनेक महिने थांबली तर ‘खेळामुळे होते’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्या.

मग दहावी. नववीचा निकाल लागला की घरात जाहीर होते, ‘एक वर्ष खेळ बंद.’ त्या एका वर्षानंतर परतणाऱ्या मुली फार थोड्या असतात. अंगातली धाव जाते, संघातल्या मैत्रिणी पुढे गेलेल्या असतात आणि अकरावीला नवे कॉलेज. त्यापेक्षा आठवड्याचे सहा दिवस तीनवर आणा, बाहेरगावच्या स्पर्धा कमी करा, जानेवारीपासून परीक्षेपर्यंत फक्त धावणे आणि स्टिक-चेंडूचा अर्धा तास ठेवा. शालेय स्पर्धा बहुतेक परीक्षेच्या हंगामाआधी संपतात, त्या खेळू द्या. त्यांच्या पातळीनुसार दहावी-बारावीला जास्तीत जास्त 25 पर्यंत क्रीडा गुण मिळतात. शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे.

पुढे काय होते, याचे उत्तर आकड्यांपेक्षा वाटांनी देते. भारताच्या संघात अगदी थोड्या मुली जातात. ते गृहीत धरून बेत आखू नका. महिला हॉकीला सर्वांत मोठा आधार रेल्वेचा आहे, आणि खेळाडू कोट्याची भरती साधारण अठरा ते पंचवीस या वयात होते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते, म्हणून सहावीपासूनचे प्रत्येक प्रमाणपत्र, संघाची यादी, सामन्याचा तपशील एका फाइलमध्ये जपा. हॉकी इंडियाकडच्या खेळाडू म्हणून ऑनलाइन नोंदणीतली आणि जन्मदाखल्यातली जन्मतारीख एकच असू द्या. वय कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर नाही म्हणा, हाडांच्या तपासणीत ते उघड होते आणि बंदी मुलीवर येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला प्रशिक्षक अभ्यासक्रम, पंचांच्या परीक्षा, शारीरिक शिक्षणाची पदवी, फिजिओथेरपी या वाटा खेळलेल्या मुलीला चांगल्या जमतात. 2024 मध्ये पिंपरीच्या मैदानावर झालेल्या वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला होता. म्हणजे खेळाची पातळी इथेच तयार होते आहे.

निवासी क्रीडा प्रबोधिनीचा किंवा एखाद्या अकादमीचा प्रस्ताव आला, तर घाईने हो म्हणू नका आणि घाईने नाहीही म्हणू नका. तिकडे स्वतः जा, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. ताटात काय वाढले जाते ते पाहा. मुलींच्या वसतिगृहातल्या मॅडम कोण आहेत, त्या रात्री तिथेच राहतात का, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेते, शाळेचा अभ्यास कोण घेते, हे विचारा. मग सोळा-सतरा वर्षांच्या दोन-तीन मुलींशी मॅडम जवळ नसताना बोला. मागच्या वर्षी इथून किती जणी घरी परतल्या आणि कशामुळे, हा प्रश्न त्यांना विचारा. परतीच्या प्रवासात मुलीला आधी बोलू द्या; तुमचे मत तिने विचारल्यावर सांगा.