कॉपरबँड आणण्यापूर्वी



बटरफ्लाय मासा हा प्रवाळाच्या आधाराने जगणारा जीव आहे. घरातल्या खाऱ्या टाकीत तो दगावतो, तेव्हा आजाराइतकीच उपासमारही त्याला कारण असते. कीटोडॉन्टिडी या त्याच्या कुळात सुमारे १३० जाती आहेत. कुळाचे नाव ग्रीक असून 'केसांसारखे दात असलेले' असा त्याचा अर्थ होतो. हे बारीक दात प्रवाळाचे इवले पॉलिप खुडायला आणि दगडाच्या फटीतले किडे टिपायला घडलेले आहेत. काही जाती पॉलिपखेरीज जवळजवळ काहीच खात नाहीत. शेव्हरॉन ही जात तर मुख्यतः मेजासारख्या पसरणाऱ्या ॲक्रोपोरा प्रवाळावरच गुजराण करते. ऑर्नेट, मेयर, मेलन आणि आठ पट्ट्यांचा बटरफ्लाय हे सगळे याच गटातले. दिसायला सर्वांत देखणे हेच, आणि घरात मुळीच आणू नयेत असेही हेच. त्यांना खायला घालावे असे घरात काही नसते. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत आहेत. ते समुद्रातून काढून टाकीत आणणे हा गुन्हा आहे.

दुसऱ्या गटातल्या जाती मिळेल ते खायला शिकतात. ऑरिगा, राकून, व्हॅगाबाँड आणि क्लाइन या त्यातल्या त्यात सोशिक. हेनिओकस आणि पिरॅमिड पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपून खातात, म्हणून गोठवलेल्या खाद्यावर ते लवकर रुळतात. ज्याची पहिलीच खारी टाकी आहे त्याने ऑरिगा किंवा राकून यांच्या पलीकडे पाहू नये. कॉपरबँड बटरफ्लाय या दोन गटांच्या मधे पडतो. तो पॉलिपवर अवलंबून नसतो. लांब चोच फटीत घालून तो बारीक कृमी, कवचधारी जीव आणि समुद्रफुले शोधत दिवस काढतो. पण पाण्यात टाकलेला तुकडा हे अन्न आहे हे त्याला पुष्कळदा उमगत नाही, आणि उमगेपर्यंत त्याच्या अंगातली शक्ती संपते.

बुधवारी पुण्याहून भाचा निनाद याच्या आईचा फोन आला. टाकी लावून पाच आठवडे झाले आहेत, काचेला ऐप्टेशिया नावाची तपकिरी समुद्रफुले चिकटली आहेत, ती खाऊन टाकायला शनिवारी कॉपरबँड येतो आहे, आणि मासा फोटोवरून ठरला आहे, असे त्यातून कळले. फोटोवरून माशाचा रंग कळतो. तो खातो का, हे कळत नाही.

मासा घेण्याआधी तो दुकानात खाताना प्रत्यक्ष पाहिलाच पाहिजे, तेही एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या दिवशी. दुकानदाराला गोठवलेला मायसिस किंवा आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, टाकायला सांगावे. नुसते तोंडात घेऊन थुंकणे याला खाणे म्हणत नाहीत. माशाला वरून आणि समोरून पाहावे. डोक्यामागची पाठ खोलगट झाली असेल, पोट आत गेले असेल, तर तो बरेच दिवस उपाशी आहे. असा मासा सहसा सावरत नाही. चोचीला इजा झालेली नसावी. फार इवले पिल्लूही घेऊ नये आणि पूर्ण वाढलेला मोठा मासाही नको. हाताच्या चार बोटांएवढा असला म्हणजे पुरे. बटरफ्लाय मासे जवळजवळ सगळे समुद्रातूनच धरलेले असतात. बोटीपासून दुकानापर्यंतच्या प्रवासात त्यांना अनेक दिवस काही मिळालेले नसते. म्हणून दुकानात आल्यावर दोन आठवडे टिकलेला आणि खाणारा मासा दुप्पट किमतीलाही स्वस्तच.

'भूक लागली की खाईल' हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. १९९४ साली गिरगावात ते हे लिहिणाऱ्या मामानेही ऐकले होते. वय बावीस, टाकी ९० लिटरची, आणि पहिल्या पगारातून घेतलेली मेलनची जोडी. अंगावर बारीक जांभळट रेघा, शेपटीपाशी पिवळ्या-काळ्या कडा. मेलन प्रवाळाखेरीज खात नाही हे विचारायला हवे होते, विचारले नाही. आर्टेमिया, कोळंबीचा कीस, उकडलेला पालक, सगळे टाकून झाले. मासे प्रत्येक तुकड्यापाशी यायचे, तो न्याहाळायचे आणि वळायचे. सोळाव्या दिवशी एक गेला. या जाती जोडीने राहतात. उरलेला तीन दिवस त्याच दगडाभोवती फिरत राहिला आणि मग तोही गेला. आजीने पुढे गॅलरीत अळू लावले ते त्याच टाकीत. 'पाणी बिघडलं म्हणून मासे मेले' असे घरात आजवर सगळे समजतात. पाणी चांगले होते. मासे उपाशी मेले, आणि हे मामाने घरात कुणालाही सांगितलेले नाही.

टाकी जितकी मोठी तितके पाणी स्थिर राहते. कॉपरबँड २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे ४०० लिटरच्या खाली त्याचा विचार करू नये. तापमान २४ ते २७ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६, सामू ८.१ ते ८.४ असावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत, नायट्रेट जितके कमी तितके बरे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू दगडावर आणि वाळूत वस्ती करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्याने टाकी फक्त राहण्याजोगी होते. कॉपरबँडसाठी ती खरोखर तयार व्हायला सहा महिने तरी जातात, कारण तोवर दगडांत कृमी आणि बारीक कवचधारी वाढलेले असतात. नव्या माशाला पहिल्या दिवसांत तेवढाच आधार असतो. पाच आठवड्यांच्या टाकीत चोच घालायला फटी आहेत, पण फटीत काही नाही.

पुण्याच्या एप्रिलमध्ये पाणी झपाट्याने उडते. पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. उन्हाळ्यात चिलर लागतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअरपंप जवळ असावा.

नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नये. वेगळ्या, साध्या टाकीत तो चार ते सहा आठवडे ठेवावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. मखमली धूळ दिसली आणि श्वास जोरात चालला तर ॲमायलूडिनियम हा दुसरा परजीवी, आणि तो दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करू शकतो. दोन्हींवर तांब्याचे औषध चालते, पण बटरफ्लाय माशांना तांबे फारसे सोसत नाही. म्हणून मात्रा हळूहळू, रोज मोजून वाढवावी, आणि ते औषध प्रवाळ किंवा कोळंबी असलेल्या टाकीत कधीही घालू नये. पंखावर फुलकोबीसारखी गाठ आली तर घाबरू नये. तो लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणूजन्य आजार आहे, चांगल्या पाण्यात गाठ आपोआप झडते. रात्री दिवा गेल्यावर माशाचा रंग मळकट होतो, काळे डाग उमटतात. तो मात्र आजार नाही, झोपेतला रंग आहे.

या वेगळ्या टाकीतही पहिला प्रश्न तोच राहतो: मासा खातो का. कॉपरबँडला खायला शिकवण्याची खात्रीची वाट कोकणातल्या प्रत्येक बाजारात मिळते. तिसऱ्या आणून एक रात्र बर्फाच्या कप्प्यात गोठवाव्यात, म्हणजे त्यांच्यातल्या परजीवींचा धोका कमी होतो. मग एक शिंपला उघडून, मांस तसेच ठेवून, टाकीच्या तळाशी ठेवावा. फटीत चोच घालायची सवय असलेला मासा उघड्या शिंपल्यापाशी येतो. चार-पाच दिवसांनी त्याच शिंपल्यात मायसिस भरावा, त्यानंतर मायसिस मोकळा टाकावा. उरलेले मांस दोन तासांत काढून घ्यावे, नाहीतर अमोनिया चढतो. खाऊ लागल्यावर दिवसातून तीन वेळा, थोडे थोडे घालावे. सर्जनफिश, ट्रिगर, डॅमसेल यांसारखे झडप घालणारे मासे सोबत नकोत. कॉपरबँड सावकाश खातो आणि दर वेळी मागे राहतो. दोन कॉपरबँडही एकत्र ठेवू नयेत, ते भांडतात.

ऐप्टेशियासाठी मासाच लागतो असे नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुनाच, पाण्यात घट्ट कालवून पिचकारीने एकेका ऐप्टेशियाच्या तोंडात सोडला की ते विरघळते. पेपरमिंट कोळंबीही ते खाते. उलट पुष्कळ कॉपरबँड ऐप्टेशियाला तोंडही लावत नाहीत.

वर काही वाक्ये कडक झाली आहेत. ती निनादवर रागावून लिहिलेली नाहीत. सहा वर्षांचा निनाद रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या खडकांतल्या डबक्यातून मासा ओंजळीत घ्यायचा, नीट पाहायचा आणि 'त्याची आई शोधत असेल' म्हणून परत सोडायचा. त्या मुलाने काचेपुढे बसून एका माशाला उपाशी वाळताना पाहू नये, एवढीच भीती आहे.

मामा पुढच्या शुक्रवारी रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने निघतो आहे. सोबत बर्फात घातलेल्या तिसऱ्या असतील. त्या शनिवारी दोघांनी मिळून दुकानात जावे आणि कॉपरबँडपुढे मायसिस टाकून पाहावा. तोवर आलेला मासा दुकानातच राहू द्यावा, आणि तो खातो की नाही ते रोज संध्याकाळी फोन करून कळवावे.

— मामाचे अनेक आशीर्वाद