मोटार भरायची नाही

पुसदला विज्ञान शिकवत होतो तेव्हा दिवाळी झाली की कोणीतरी पोरगा लोखंडी पाईपचा तुकडा घेऊन यायचाच. न फुटलेल्या फटाक्यांची दारू त्यात ठासायची अन् रॉकेट सोडायचं, हा बेत. पाईप मी ठेवून घ्यायचो. पोरं रुसायची, मग का ते समजावून सांगावं लागे.

अशी दारू ठासलेली नळी म्हणजे रॉकेटची घन इंधनाची मोटार. ती एकदा पेटली की बंद करता येत नाही. इंधन जेवढ्या पृष्ठभागावर जळतं, तेवढा वायू तयार होतो. ठासलेल्या दारूत केसाएवढी भेग असली की ज्योत आत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, तोंडातून वायू बाहेर पडायला जागा पुरत नाही आणि नळी फुटते. लोखंडाची असेल तर तिचे तुकडे गोळीसारखे जातात. ही भेग बाहेरून दिसत नाही. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात तर ठासतानाच नायलॉनच्या शर्टाची ठिणगी पुरते.

अमेरिकेत १९५७ साली पोरांचे असेच हात जात होते. नेब्रास्कातले ऑरव्हिल कार्लाइल हे बुटांचे दुकानदार आणि क्षेपणास्त्र-चाचणी केंद्रावर काम केलेले हॅरी स्टाइन यांनी तोडगा काढला: रॉकेट घरी करा, मोटार मात्र कारखान्यातलीच वापरा, आणि लांबून विजेच्या तारेने पेटवा. आपल्याकडे परवान्याशिवाय स्फोटक बनवणं १८८४च्या कायद्याने गुन्हा आहे. परवाने देणाऱ्या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. अन् त्याच नागपूरजवळ, बाजारगावच्या कारखान्यात, १७ डिसेंबर २०२३ला स्फोटात नऊ कामगार गेले. तिथे परवाना होता, शिकलेली माणसं होती.

माझा खरा मुद्दा मात्र दारूपुरता नाही. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत ऑगस्ट २०२१मध्ये एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. आठवीपर्यंत शिकलेला, हातात वेल्डिंगचं कसब. मागच्या पंख्याचं पातं तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं, आणि तो आतच बसलेला. लोक त्याच्या जिद्दीबद्दल बोलतात, बोलावंच. मी त्या सीटबद्दल बोलतो. पहिल्या चाचण्यांना तिथे वाळूची पोती ठेवून, बांधाआडून तारेने इंजिनचा वेग वाढवता आला असता. पातं तुटलंच असतं. यंत्र पुन्हा बनलं असतं.

म्हणून पोरांना मी दारूऐवजी पाण्याचं रॉकेट देतो. बाटली सोड्याचीच घ्या, साध्या पाण्याची नको. ती दाब सोसत नाही. सोड्याच्या बाटलीवरही ओरखडा किंवा पांढरी घडी दिसली तर ती भंगारात टाका. तिच्यावर गरम गोंद लावू नका. आधी बाटली काठोकाठ पाण्याने भरून दाब देऊन पाहा: पाणी दबत नाही, त्यामुळे फुटली तरी नुसतं भिजायला होतं. हवा भरलेली बाटली फुटली तर कानठळ्या बसतात. आमच्या अंगणात एकदा फुटली, पोरं भिंतीआड होती म्हणून निभावलं. उडवताना एक तृतीयांश पाणी, गेज असलेला पंप, हवा साठ पौंडांच्या वर नाही. खिट्टी लांब दोरीने ओढायची, आणि दाब भरल्यावर दुरुस्तीसाठीसुद्धा कोणी जवळ जायचं नाही. आधी हवा सोडायची सोय हवी. जागा पऱ्हाटी निघालेलं मोकळं वावर, वरून विजेची तार जात नसलेलं. बाटली खाली येताना झेलायला धावणाऱ्याची पाळी पुढच्या आठवड्यावर जाते. हा नियम पोरांनीच केला, अन् माझ्यापेक्षा तेच तो कडक पाळतात.