आधी पट्टी, मग गाणं

आमच्याकडे नांदेड-लातूरला आता सेवापूर्तीचा समारंभ असो, कोजागिरी असो नाहीतर हळदीची रात्र, जेवणाआधी कराओके ठरलेला. माइकपुढे रांग लागते ती बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांची. त्या रांगेत बरीच वर्षं उभा राहून, आणि पुढे रांग लावायचं काम अंगावर पडून, जे कळलं ते लिहितो. मी काही गवई नाही. गाणं निवडण्यापुरतंच बोलतो.

१. पट्टी न बघता गाणं काढू नका. कराओकेचं यंत्र काढणारे दाइसुके इनोउए जपानच्या कोबे शहरात बारमध्ये वाजवायचे. एका कंपनीच्या साहेबांना सहलीत गायचं होतं, यांना साथीला जाणं जमेना. मग यांनी साहेबांना झेपेल अशी साथ टेप करून दिली. त्यातून १९७१ साली यंत्र झालं. पेटंट त्यांनी घेतलंच नाही, २००४ मध्ये इग नोबेल तेवढं मिळालं. म्हणजे कराओके जन्मला तोच एका हौशी माणसाच्या गळ्याच्या बेतानं. आणि आपण? ट्रॅक मूळ पट्टीत लावतो नि रफीसाहेबांच्या मागं धावतो.

मुखडा आंघोळ करताना सगळ्यांनाच जमतो. घात होतो अंतऱ्यात, चाल वर चढते तिथं. म्हणून गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आधी लावून बघावा. तो ताठ मानेनं, शिरा न ताणता लागला तरच बाकीचं गाणं पाठ करण्यात अर्थ. लागत नसेल तर ट्रॅक उतरवून घ्या, मोबाइलवरसुद्धा ते होतं. दोन पट्ट्या उतरवल्या तर कुणाच्या बापाला कळत नाही. पाच उतरवल्या की बासरी घोगरी होते आणि ढोलक पोतं बडवल्यासारखं वाजतं. तेव्हा ते गाणंच सोडा. ‘बैजू बावरा’तलं (१९५२) ‘ओ दुनिया के रखवाले’ याच कारणानं आमच्या यादीत कुणालाच देत नाही. अजय गोगावलेंच्या ‘माऊली माऊली’चं तेच. ‘लय भारी’ (२०१४) आपल्या लातूरच्या रितेशचा, म्हणून लातुरात त्याची फर्माईश हमखास येते. पण तो गळा अजयचा आहे, आपला नाही.

२. समोरच्यांचं वय काढा. सेवापूर्तीला समोर बसलेल्यांना आपण उगाच ‘आवारा’च्या काळात ढकलतो. हिशोब करा: राज्य सरकारी कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. आज निवृत्त होणारा १९६७-६८ च्या आसपास जन्मला, म्हणजे त्याच्या मिशा फुटल्या त्या १९८३ च्या सुमाराला. त्याचं गाणं ‘एक दूजे के लिए’ (१९८१) मधलं. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचं ‘तेरे मेरे बीच में’ नांदेडात घ्या आणि बघा. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची मंडळी आली असतील तर त्यांना तो आवाज तेलुगू सिनेमापासून ओळखीचा असतो, टाळी आधी तिकडून येते. मुकेश सोपा म्हणून सगळे मुकेश घेतात. खरंच सोपा आहे, सूर फार वर जात नाहीत. पण दुःखाची तीन गाणी ओळीनं झाली की लोक भज्यांच्या दिशेनं सरकतात.

३. किशोर एकच घ्या. ‘सर, एक किशोर होऊन जाऊ द्या की!’ हे ऐकून छाती फुगते. फुगू द्यावी आणि यॉडलिंगचं गाणं टाळावं. ‘आराधना’तलं (१९६९) ‘मेरे सपनों की रानी’ मात्र कधी दगा देत नाही, कारण मुखडा आपल्याआधी लोकच म्हणतात. निवडीची माझी कसोटी हीच: मुखड्याला आपण माइक पुढे धरला तर हॉल गाईल का?

४. कोजागिरीला चंद्र वाटून घ्या. मसाला दूध उकळेपर्यंत गच्चीवर ‘चौदहवीं का चाँद’ दोनदा, ‘खोया खोया चाँद’ एकदा आणि ‘ये चाँद सा रोशन चेहरा’ असे चार चंद्र उगवलेले मी पाहिलेत. त्यातले सगळे रफीसाहेबांचे. यादी आदल्या दिवशी फोनवर करून घ्यावी.

पण खरी गंमत पुढं आहे. नांदेडच्या एका गच्चीवर एक निवृत्त उर्दू शिक्षक दुधाचा पेला हातात धरून ऐकत होते. गाणाऱ्याचा सूर पक्का, ताल पक्का. मास्तरांनी मान हलवली, पण ‘चाँद’ आला की दर वेळी डोळे मिटून घेत. गाणं संपल्यावर हळूच म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही चांदण्यातला च लावलात. इथं चंद्रातला च पाहिजे.’ आपण मराठी माणसं नेमके इथं सापडतो. ‘जादू’चंही तसंच, आपला ज जोरातला, हिंदीतला जिवातला. पुण्यामुंबईत हे कदाचित खपत असेल. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, आमच्या आजोबांच्या पिढीची शाळाच उर्दूत झालेली. इथला कान अजून तिखट आहे. सूर किंचित घसरला तर माफ करतील, नुक्ता घसरला तर चहाच्या वेळी विषय निघतो. म्हणून ज्या गाण्यातले शब्द नीट उच्चारता येत नाहीत, ते कितीही आवडतं असलं तरी घरीच म्हणावं.

५. लग्नाच्या वाढदिवसाला ‘ऐ मेरी ज़ोहरा जबीं’. ‘वक़्त’ (१९६५), संगीत रवी, आवाज मन्ना डे. पडद्यावर बलराज साहनी बायकोकडे बघून गातात. तुम्हीही तेच करायचं, मोबाइलच्या पडद्याकडे बघायचं नाही. शब्द पाठच हवेत. आणि ज़ोहरातला ज वेगळा, जबींतला वेगळा, हे वर सांगितलंच.

६. मराठी गाणं खिशात ठेवा. हिंदीच्या माऱ्यात एक मराठी आलं की मागच्या रांगा जाग्या होतात. रफीसाहेबांचं ‘शोधिसी मानवा’ (चाल श्रीकांत ठाकरेंची) किंवा किशोरकुमारचं ‘अश्विनी ये ना’ (‘गंमत जंमत’, १९८७) घेतलं तर दोन्ही पक्ष खूश. आमच्याकडे दादा कोंडकेंच्या सिनेमांतली महेंद्र कपूर यांची गाणी सगळ्यात जास्त शिट्ट्या घेतात. मात्र पहिल्या रांगेत व्याही बसलेत का, हे आधी बघून घ्या. बसले असतील तर ‘मैंने प्यार किया’ (१९८९) बरा. संगीतकार तेच, राम-लक्ष्मण. ‘पांडू हवालदार’चेही ते, हे व्याह्यांना सांगायची गरज नाही.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवसांत प्रल्हाद शिंदेंचं एखादं गाणं तयार हवंच. ते अर्धवट पाठ असेल तर उभंही राहू नका. इथं तीन पिढ्यांना ती गाणी मुखोद्गत आहेत.

७. बाईचा आवाज भरलेला ट्रॅक नको. रिकाम्या खुर्चीकडे बघत प्रेमाचं द्वंद्वगीत गाणारा सद्गृहस्थ बघवत नाही. बरोबर गायला कुणी नसेल तर मित्राला ओढा आणि ‘शोले’तलं (१९७५) ‘ये दोस्ती’ घ्या. किशोरच्या ओळी कुणाच्या, मन्नादांच्या कुणाच्या, हे मात्र स्टेजवर जाण्याआधी ठरवा.

८. जुलैअखेर नंबर लवकर लावा. ३१ जुलै रफीसाहेबांचा स्मृतिदिन, ४ ऑगस्ट किशोरचा वाढदिवस. त्या आठवड्यात प्रत्येक गायक मंडळाचा कार्यक्रम असतो आणि नावं पन्नासच्या घरात जातात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, हा कायदा. प्रास्ताविक, सत्कार, दीपप्रज्वलन यांत साडेसात वाजलेले असतात. शेवटच्या पाचात नाव असेल तर लांबलचक सुरावटीचं गाणं घेऊ नका, थेट मुखड्यानं सुरू होणारं घ्या. आणि साउंडवाला वायर गुंडाळायला लागलेला दिसला की एकच अंतरा म्हणून खाली उतरा.