गुणसूत्रांच्या संख्येतील बदल आणि त्यांचे परिणाम

सजीवाच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात धाग्यांसारख्या अतिसूक्ष्म रचना असतात. त्यांना गुणसूत्रे असे म्हणतात. आईवडिलांचे गुण अपत्याकडे नेणारी जनुके या गुणसूत्रांवर क्रमाने वसलेली असतात. प्रत्येक जातीत गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. मानवाच्या पेशीत ती ४६, म्हणजे २३ जोड्या, इतकी असते. १९५६ साली त्जिओ व लेव्हान या शास्त्रज्ञांनी स्वीडनमधील आपल्या संशोधनातून ही संख्या निश्चित केली. तोपर्यंत ती ४८ समजली जात असे.

या संख्येत दोन प्रकारे बदल होतो. कधी गुणसूत्रांचा संपूर्ण संच वाढतो, तर कधी एखादेच गुणसूत्र कमी वा जास्त होते.

शेतातील उदाहरणे

पहिला प्रकार वनस्पतींमध्ये विपुल आढळतो. देशी कापसात २६, तर अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे असतात. खपली गव्हात २८, तर पोळीच्या सर्वसाधारण गव्हात ४२ असतात. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तीन संचांची सारखी वाटणी होऊ शकत नाही. त्यामुळे बी धरत नाही आणि केळीची लागवड मुनव्यांपासून करावी लागते.

संपूर्ण संच वाढूनही ही पिके जोमदार राहतात, कारण सर्व जनुके एकाच प्रमाणात वाढलेली असतात. आमटीचे सर्व जिन्नस दुप्पट घेतले तर आमटी बिघडत नाही. केवळ मीठ दुप्पट झाले तर ती बिघडते. एकच गुणसूत्र वाढले किंवा घटले असता जनुकांचा समतोल असाच ढळतो. मानवातील जन्मजात दोषांपैकी काहींचे मूळ या दुसऱ्या प्रकारात आहे.

वाटणीतील चूक

स्त्रीबीज व पुरुषबीज तयार होताना प्रत्येक जोडीतील एकेक गुणसूत्र वेगळे होऊन २३ गुणसूत्रांची बीजपेशी बनते. क्वचित एखादी जोडी विलग होत नाही. मग एका बीजात २४, तर दुसऱ्यात २२ गुणसूत्रे जातात. अशा बीजापासून बनलेला गर्भ बहुधा टिकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचा दोष आढळतो.

एकविसावे गुणसूत्र आकाराने सर्वांत लहान असून त्यावरील जनुके थोडी आहेत. म्हणून ते एक जास्त असूनही अनेक बालके जन्माला येतात व वाढतात. या अवस्थेचे वर्णन १८६६ साली इंग्लंडमधील डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी केले, म्हणून तिला ‘डाऊन सिंड्रोम’ हे नाव मिळाले. तिचे कारण ४७ वे गुणसूत्र हे आहे, हे १९५९ साली फ्रान्समधील लेजून, गोतिए व तुर्पँ यांनी दाखवून दिले. सातशे ते आठशे जन्मांमागे सुमारे एक बालक असे असते. तिरकस डोळे, चपटे नाक, स्नायूंतील शिथिलता आणि सावकाश होणारी बौद्धिक वाढ ही त्याची लक्षणे होत. अशा बालकांपैकी सुमारे निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो.

दोष कोणाचाही नाही

असे मूल जन्मले की गावोगावी आईकडे बोट दाखविले जाते. तिने ग्रहण पाळले नाही, ग्रहणात विळीला हात लावला, असे बोल तिला लावले जातात. या समजुतींना काडीचाही आधार नाही. जादा गुणसूत्र बहुधा स्त्रीबीजातून आणि काही वेळा पुरुषबीजातून येते. परंतु ही वाटणी कोणाच्याही इच्छेने वा वर्तनाने घडत नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते, हे खरे. विशीतील मातांमध्ये ती सुमारे दीड हजारांत एक, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे शंभरांत एक असते. तथापि एकूण जन्मच तरुण मातांचे अधिक असल्याने अशी बरीच बालके तरुण मातांच्या पोटी येतात.

हा दोष बहुतांशी आनुवंशिक नसतो. सुमारे १०० पैकी ३ ते ४ बालकांत मात्र एकविसाव्या गुणसूत्राचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असतो, आणि तशी जोडणी आई किंवा वडिलांकडून आलेली असू शकते. यासाठी बालकाच्या रक्तातील गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी. पुढील अपत्याविषयीचा सल्ला त्यावरच अवलंबून असतो.

गावाचे कर्तव्य

जादा गुणसूत्र काढून टाकता येत नाही. परंतु त्याचे परिणाम पुष्कळ अंशी सौम्य करता येतात. हृदयाचा दोष वेळीच कळला तर शस्त्रक्रिया करता येते. थायरॉइड, कान व डोळे यांची नियमित तपासणी हवी. पहिल्या वर्षापासून व्यायाम व बोलण्याचा सराव दिल्यास प्रगती अधिक होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या अवस्थेचा समावेश आहे; म्हणून शंका येताच अंगणवाडी सेविकेने बालकाचे नाव तपासणी पथकाला कळवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी प्रवेश नाकारू नये आणि पंचायत सदस्यांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्यास कुटुंबाला साहाय्य करावे.

पेशीतील वाटणीवर माणसाचा ताबा नाही. त्या वाटणीतून आलेल्या बालकाला व त्याच्या आईला गावात कसे वागविले जावे, हे मात्र सर्वस्वी गावाच्या हाती आहे.